पहिली भिंत : गिलाव्याची हत्यारं निवडताना ठेवलेली वही

४ जानेवारी २०२५, शनिवार

घरामागच्या खोलीचं बांधकाम होऊन दोन वर्षं झाली. १० बाय १२, उंची ९ फूट, आतून अजून उघडी वीट. यंदा तिला आतून गिलावा करायचा आणि तो मी स्वतः करायचा, हे मी दिवाळीतच ठरवलं होतं. मामा चाळीस वर्षं गवंडीकाम करतो. मामी त्याच्याच कामावर तीस वर्षं बिगारी म्हणून माल, म्हणजे सिमेंट-वाळूचं मिश्रण, कालवते. मी पतसंस्थेत नोकरी करते, त्यामुळे हातात फक्त शनिवार-रविवार.

मामा शिकवायला लगेच तयार झाला, पण एका अटीवर. "स्वतःची हत्यारं घे. उसन्या थापीनं हात बसत न्हाई. रोज येगळी थापी धरशील तर रोज पयल्यापासनं सुरुवात."

माल किती, सिमेंट किती, हे सांगणारे खूप भेटतात. थापी, म्हणजे माल भिंतीवर मारायचं दांड्याचं पान, हातात घेऊन ती आपल्यासाठी बरी की वाईट हे कसं ओळखायचं, ते मात्र कुणी लिहून ठेवत नाही. गवंडी हातानं शिकतो आणि हातानंच शिकवतो. म्हणून ही वही. मला जे जसं कळेल तसं लिहीन.

५ जानेवारी, रविवार

दिवाळीत मी घाईनं ऑनलाइन सात वस्तूंचा एक संच मागवून ठेवला होता. आज तो मामासमोर उघडला. मामानं एक एक वस्तू हातात घेतली आणि बाजूला ठेवली.

थापीचं पान पत्र्यासारखं पातळ होतं. दांड्याकडे जाणारी मान पानाला नुसती वेल्डिंगच्या दोन ठिपक्यांनी चिकटवलेली. मामा म्हणाला, विटेवरचा वाळलेला माल खरवडून बघ. दुसऱ्याच फटक्याला मान अर्धी वळली आणि पान डावीकडे तिरकं झालं. गुरमाळ्याला, म्हणजे माल घासून सपाट करायच्या फळीला, खाली लाकूड नव्हतं, स्पंज चिकटवलेला होता. तो पाणी पितो आणि मालातलं सिमेंट उचलून नेतो. शेवटच्या फिनिशला तो उपयोगी असेलही, पण भिंत सपाट करायला तो काहीच कामाचा नाही.

सगळ्यात वाईट निघाली ती पाणसळ. मामानं ती ओट्यावर ठेवली, बुडबुडा नीट मधोमध. मग तिथेच तीच पाणसळ उलट्या तोंडानं फिरवून ठेवली. बुडबुडा रेघेच्या बाहेर. ओटा तोच, जागा तीच, आणि दोन वेगळी उत्तरं. म्हणजे पाणसळच चुकीची. खरी पाणसळ कुठल्याही तोंडानं ठेवली तरी एकच सांगते. या तपासणीला दुकानात पैसे पडत नाहीत, वेळही अर्धा मिनिट लागतो, आणि मला ती माहीतच नव्हती.

परत करायची मुदत कधीच संपली होती. पैसे गेले. पण एक फरक आज डोक्यात पक्का झाला. गिलाव्याची हत्यारं दोन जातीची. काही माल लावतात: थापी, गुरमाळा. काही भिंतीबद्दल खरं-खोटं सांगतात: ओळंबा, पट्टी, दोरी, गुण्या. मी सगळं लक्ष पहिल्या जातीवर दिलं होतं. माल लावणारं हत्यार जरा कमी दर्जाचं असलं तर हात दुखतो. सांगणारं हत्यार खोटं असलं तर सगळी भिंत वाकडी होते आणि आपल्याला महिनाभर कळतही नाही. नवख्याच्या डोळ्याला अजून भिंत दिसत नसते, त्याला हत्यारावरच विश्वास ठेवावा लागतो. त्यामुळे पैसे आधी तिकडे जायला हवेत.

११ जानेवारी, शनिवार

कराडच्या बाजारात मामा, मामी आणि मी. हार्डवेअरच्या दुकानात दीड तास गेला. दुकानदार ओळखीचा, त्यानं सगळं काउंटरवर काढून दिलं.

थापी. दुकानात ६ इंचांपासून १० इंचांपर्यंत थाप्या होत्या. मी मामाच्या थापीएवढी, ९ इंची, उचलली. मामीनं माझ्या हातातून ती काढून घेतली. "ह्यांच्या मनगटाचं वजन येगळं. त्यावर माल घेतला की दोन किलोच्या घरात जातं. दिवसभरात शंभर-दीडशे बार उचलायचं हाय तुला." तिनं ७ इंची पुढे केली. मी रिकामीच दहा वेळा भिंतीकडे फेकल्यासारखी हलवून बघितली, मग ९ इंची तशीच. फरक दहाव्या वेळेलाच खांद्यात कळला.

मग सात इंचीतल्या पाच थाप्यांमधून एक निवडायची होती. मामा काय बघतो ते मी शेजारी उभं राहून टिपलं.

पानापासून मान आणि मानेपासून दांड्यात शिरणारी सळी एकाच लोखंडाची, ठोकून काढलेली हवी. जोड असलाच तर वेल्डिंग सलग गोलाकार हवं, ठिपके नकोत. पान बोटानं टिचकी मारली की खणखणीत वाजावं. टोक काउंटरवर टेकवून दाबलं की पान किंचित वाकावं आणि सोडल्यावर सरळ व्हावं. वाकलेलं तसंच राहिलं तर ते लोखंड मऊ आहे, अजिबात न वाकणाऱ्या थापीला मालाचा अंदाज लागत नाही. शेवटची गोष्ट मला एकटीला कधीच सुचली नसती. थापी पालथी करून पान काउंटरवर सपाट ठेवायचं आणि मूठ आवळायची. बोटांची पेरं काउंटरला लागता कामा नयेत. मानेचा बाक कमी असेल तर भिंतीवर पेरं घासतात आणि सिमेंटनं सोलून निघतात. पाचांपैकी दोन थाप्यांत माझी पेरं टेकली. मामाचा हात जाड, त्याची चारांत टेकली.

दांडा लाकडी घेतला. प्लास्टिकचा दांडा ओल्या हातात सरकतो. लाकडी दांड्याच्या तोंडाशी लोखंडी कडं असावं, नाहीतर सळीच्या जोरानं लाकूड चिरतं.

ओळंबा. हा मामानं सगळ्यात जास्त वेळ बघितला. ओळंब्यात एक लोखंडी लोळा, दोरी, आणि दोरी जिच्या मधोमध भोकातून जाते ती ठोकळी. ठोकळी भिंतीला वर टेकवून धरायची, लोळा खाली सोडायचा. ठोकळीची रुंदी आणि लोळ्याचा व्यास तंतोतंत सारखा असला तरच भिंत उभी असताना लोळा भिंतीला जेमतेम शिवतो. मामानं कागदाची पट्टी लोळ्याभोवती न गुंडाळता लोळा दोन सरळ फळकुटांमध्ये धरला, मधलं अंतर पेन्सिलीनं टिपलं आणि ठोकळी त्या खुणेवर ठेवली. पहिल्या ओळंब्यात ठोकळी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी. त्या ओळंब्यानं चांगली उभी भिंतही खाली पुढे आलेली दिसली असती, कारण लोळा तिला टेकूनच राहिला असता. तिसरा ओळंबा बरोबर निघाला. दोरी मात्र दुकानातली काढून टाकून विणलेली नायलॉनची बारीक दोरी घातली. पीळ दिलेल्या दोरीवर लोळा गरगर फिरत राहतो आणि वाचन घ्यायला मिनिट-मिनिट थांबावं लागतं.

पट्टी. ॲल्युमिनियमची, चौकोनी पोकळ, ५ फुटी. मामाकडे ७ फुटी आहे, पण एकटीला ती भरल्या मालावर ओढता येणार नाही. दोन पट्ट्या एकमेकींच्या धारेला धार लावून उजेडाकडे धरल्या. मधून फट दिसली तर दोघींपैकी एक वाकडी. मग एक उलटी फिरवून परत. अशा चार बघितल्या, दोघी एकमेकींना बिनफट बसल्या, त्यांतली एक घेतली. लाकडी पट्टी स्वस्त होती, पण ओलं-कोरडं होऊन ती पिळते.

गुण्या, खिडकीच्या कोपऱ्यांसाठी. एका हातावर ९ इंच, दुसऱ्यावर १२ इंच खूण केली. दोन खुणांमधलं तिरकं अंतर १५ इंच भरलं की काटकोन बरोबर. पहिलाच बरोबर निघाला.

लाकडी गुरमाळा, मामा त्याला रंधा म्हणतो. सागवानी, १२ इंची, रेषा लांबीत जाणाऱ्या. आडव्या रेषांचा गुरमाळा मालावर कुसळं सोडतो. स्टीलचा गुरमाळा मी मागितला तेव्हा मामानं हात वर केला. "आत्ता नको. पयल्या दोन भिंती लाकडानंच." कारण विचारलं तर म्हणाला, भिंतीवर दाखवीन.

घमेली दोन, लाइन दोरी, तारेचा ब्रश, पाणी मारायचा ब्रश, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा. चाळण आणि फावडं घरचंच. पाणसळ नको, लेव्हल पाइप नको, कोपऱ्याची खास थापी नको. मामा म्हणतो, आतल्या भिंतीच्या गिलाव्याला ओळंबा, पट्टी आणि दोरीतच सगळं भागतं. पाण्याची नळी फरशी किंवा जोत्याची पातळी काढताना लागते, तेव्हा त्याची आहेच. सगळं मिळून २,१०० रुपये झाले. दिवाळीच्या त्या संचाला १,४०० गेले होते.

१२ जानेवारी, रविवार

नवं हत्यार तसंच वापरायचं नसतं, हे आज कळलं. थापीच्या धारा आणि कोपरे कारखान्यातून येतात तेव्हा ब्लेडसारखे असतात आणि मालाला कापत जातात. मामानं अंगणातल्या काळ्या दगडावर पाणी टाकून थापीच्या दोन्ही धारा हळूहळू घासायला लावल्या. तासभर. टोकाचा अणकुचीदारपणा नखाएवढा गोल होईपर्यंत. लाकडी गुरमाळ्याचे चारही काठ तसेच, मग तो बादलीत रात्रभर बुडवून. कोरडं लाकूड मालातलं पाणी ओढतं, आणि पाणी गेलं की माल घासताना तुटतो.

मामाची थापी बघितली. अठरा वर्षं जुनी. घासून घासून तिचं पान पिंपळाच्या पानासारखं झालंय, उजवीकडे जास्त झिजलेलं, कारण तो उजव्या हातानं एकाच बाजूनं माल कापतो. दर खंडेनवमीला ती धुऊन, हळदकुंकू लावून देव्हाऱ्याखाली ठेवतात. मामीच्या फावड्यालाही तेव्हाच हळदकुंकू लागतं, हे मी लहानपणापासून बघितलंय, पण फावडं हे गिलाव्याचं हत्यार आहे असं मनात कधी आलं नव्हतं.

१८ आणि १९ जानेवारी

सिमेंट अजून उघडलं नाही. मामानं पांढरीची माती आणि चाळलेली वाळू मिसळून सरावाचा माल करायला सांगितला. गोठ्याच्या बाहेरच्या भिंतीवर ४ बाय ४ फुटांचा चौकोन. लावायचा, पट्टी मारायची, घासायचा, खरवडून परत घमेल्यात टाकायचा आणि पुन्हा लावायचा. हा माल घट्ट होत नाही, त्यामुळे घाई नाही, आणि एक रुपयाचं नुकसान नाही. दोन दिवसांत तो चौकोन अकरा वेळा लावला.

थापीवरून माल भिंतीवर फेकणं म्हणजे जोर लावणं, असा माझा समज होता. पहिल्या दिवशी निम्मा माल पायावर. मामीनं मागून माझं कोपर धरलं आणि अंगाला चिकटवून ठेवलं. "खांदा हालवू नगं. मनगट." थापी खालून वर येते, भिंतीपाशी पोचता पोचता मनगट वळतं आणि माल पसरून बसतो. नीट बसला की आवाज येतो, ओल्या कपड्याचा दगडावर आपटल्यावर येतो तसा. चुकला की नुसती पचकन चिखल पडल्याचा. आठव्या चौकोनापासून मी डोळ्यांऐवजी कानानं ओळखायला लागले.

७ इंची थापी घेतली म्हणून मी मामीचे मनापासून आभार मानले. ९ इंची असती तर रविवारी हात उचललाच नसता.

२५ जानेवारी, शनिवार

खरी भिंत. पूर्वेची, १० फूट रुंद, ९ फूट उंच, खिडकी-दार नसलेली. आज माल नाही. आज फक्त सांगणारी हत्यारं.

आधी तारेच्या ब्रशनं विटा झाडून काढल्या, सांध्यांतला सुटा माल अर्धा इंच खरवडला. मग ओळंबा. तीन ठिकाणी सोडला, प्रत्येक ठिकाणी वर, मध्ये, खाली असं वाचन. डाव्या बाजूला चार फुटांवर एक वीट तीन सूत पुढे. उजव्या कोपऱ्यात खाली भिंत चार सूत मागे. ८ सुतांचा इंच, म्हणजे अर्धा इंच मागे. नुसत्या डोळ्यांनी मला ती भिंत सरळसोट दिसत होती.

मामा म्हणाला, सगळ्यात पुढे आलेल्या जागेवरही माल चार सूत बसला पाहिजे. आतल्या भिंतीला १२ मिमी म्हणतात ते हेच. त्या एका विटेपायी सगळ्या भिंतीवर तीन सूत जादा माल चढवायचा की विटेचं पोट उतरवायचं? छिन्नी-हातोड्यानं दहा मिनिटांत विटेचं पोट उतरलं. छिन्नी माझ्या यादीत नव्हती. मी तिला तोडफोडीचं हत्यार समजत होते.

मग ठिय्ये, म्हणजे माल कुठवर यायला हवा ते दाखवणाऱ्या खुणा. वरच्या दोन्ही कोपऱ्यांपासून थोडं आत, फुटक्या फरशीचे दोन इंची तुकडे मालात बसवले. त्यांच्यावरून ओळंबा सोडून खालचे ठिय्ये. दोन टोकांमध्ये दोरी ताणून मधले. पट्टी ५ फुटी, म्हणून ठिय्ये चार-चार फुटांच्या आतच ठेवले, म्हणजे पट्टी कायम दोन ठिय्यांवर टेकेल. सगळे मिळून १२ ठिय्ये, संध्याकाळ झाली. दोरी ठिय्याला घासून जाता कामा नये, जेमतेम सुटी राहावी, कारण एका ठिय्यानं दोरी पुढे ढकलली तर पुढचे सगळे चुकतात. एकदा तसं झालं, चार ठिय्ये काढून परत बसवले.

रात्री भिंतीवर भरपूर पाणी मारलं.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी शाळेतलं झेंडावंदन, मग काम. अर्धीच भिंत घ्यायची.

माल मामीच्या हातचा. एकास चार. आमच्या घमेल्यानं सिमेंटची एक गोणी चार घमेली भरते. नवख्यानं एका वेळी एकच घमेलं सिमेंट आणि चार घमेली वाळू कालवावी, कारण पाणी पडल्यापासून अर्ध्या तासात तो माल भिंतीवर जायला हवा. घट्ट होत आलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा मऊ करता येतो, पण मग त्यात जीव राहत नाही. हिशोब असा की १२ मिमी जाडीच्या १०० चौरस फुटांना साधारण एक गोणी आणि पाच घनफूट वाळू लागते. म्हणजे एका घमेल्याच्या मालात २५ चौरस फूट. मला त्यात २० झाले, थोडा पायाशी गेला.

वाळू म्हणजे आता आमच्याकडे क्रश सँडच, दगड फोडून केलेली. मामीनं आठवड्यापूर्वीच काचेच्या बरणीत वाळू, मिठाचं पाणी घालून हलवून ठेवली होती. तीन तासांनी वाळूवर बसलेला गाळाचा थर पट्टीनं मोजला. दहा सेंटिमीटर वाळूवर अर्धा सेंटिमीटर. चालेल. त्याच्या दुपटीला गेला असता तर तिनं ट्रॅक्टर परत पाठवला असता. ही बरणीसुद्धा हत्यारांच्या यादीत धरते मी.

आधी कोरडंच तीन वेळा फावड्यानं पालथं घातलं, कुठेही वाळूचा वेगळा पट्टा दिसेनासा होईपर्यंत. मग मधोमध आळं करून पाणी. माल झाला की मामीनं थापीवर घेतला आणि थापी उलटी केली. माल क्षणभर चिकटून राहिला, मग सुटला. "सुटायलाच पायजे, पण इचार करून." लगेच पडला तर पातळ, पडलाच नाही तर घट्ट. तीस वर्षं तिला कुणी हे मोजून शिकवलं नाही, आणि मामा तिच्या मालाला कधी नाव ठेवत नाही.

आधी ठिय्यांमधले उभे पट्टे भरले, मग मधली जागा वरून खाली. पट्टी खालून वर, डावी-उजवी हलवत ओढली. जास्तीचा माल पट्टीवर येतो, खड्डे तसेच राहतात. ते भरायचे आणि परत पट्टी. चौथ्यांदा पट्टी फिरवली तेव्हा कुठेही खड्डा राहिला नव्हता. मग लाकडी गुरमाळा, गोल गोल. केव्हा फिरवायचा ते बोटानं ठरतं. बोट दाबलं तर ठसा उठावा, पण बोटाला माल लागू नये.

४५ चौरस फुटांना पाच तास लागले. मामा तेवढं तासा-दीड तासात करतो. संध्याकाळी मामीनं माझे हात धुऊन खोबरेल तेल चोळलं. तिच्या स्वतःच्या बोटांना भेगा आहेत, खोल, उन्हाळ्यातही न भरणाऱ्या. तिच्या उमेदीच्या काळात हातमोजे कुणी देत नव्हतं. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी झाल्यावर सुरक्षा साहित्याची पेटी मिळाली, पण तोवर पंचवीस वर्षं उघड्या हातानं माल कालवून झाला होता. सिमेंट हात खातं. ज्यांनी थापी घ्यायच्या आधी मोजे घ्यायचे का असा विचार केला असेल, त्यांनी आधी मोजेच घ्यावेत.

१ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. आज मामानं थापीच्या दांड्यानं भिंत ठोकून ऐकवली. ठक, ठक, ठक, आणि वर बीमवर एकदम बद आवाज. वहीच्या दोन पानांएवढी जागा पोकळ. माल चिकटलेलाच नाही, नुसता उभा आहे.

कारण माझंच. वीट खडबडीत असते, माल धरते. काँक्रीटचा बीम गुळगुळीत, त्याला टाचे, म्हणजे छिन्नीचे बारीक घाव, मारावे लागतात. मी मारले होते, पण लांब लांब आणि वरवर, हात दुखले म्हणून. शिवाय टाचल्यावरची धूळ धुतली नव्हती. वीट आणि बीमच्या सांध्यावर जाळी मात्र ठोकली होती, त्यामुळे तिथे तडा नाही.

तेवढा चौकोन छिन्नीनं सरळ कडांनी कापून काढला. आज बाजारातून स्वतःची छिन्नी आणि एक किलोचा हातोडा आणला. इंचा-दीड इंचावर एक असे टाचे, मग ब्रश, मग पाणी, मग सिमेंटचं पातळ पाणी ब्रशनं लावून लगेच माल. तीन तास गेले.

२ फेब्रुवारी, रविवार

उजवी अर्धी भिंत. खालच्या कोपऱ्यात आठ सूत जाडी, म्हणून तिथे पहिला थर कालच लावून थापीच्या टोकानं त्यावर नागमोडी रेघा ओढून ठेवल्या होत्या. एकाच वेळी इंचभर माल लावला असता तर स्वतःच्या वजनानं खाली बसला असता.

आज चार तास.

९ फेब्रुवारी, रविवार

रात्री मामानं दिवा बंद केला आणि बॅटरी भिंतीला चिकटवून आडवी धरली. दिवसा मला सपाट दिसलेल्या भिंतीवर सावल्यांच्या लाटा. डावीकडचा भाग, जिथे मी भीत भीत चार वेळा पट्टी मारली होती, जवळजवळ स्वच्छ. उजवीकडे, जिथे हात थोडा बसला म्हणून दोनदाच मारली, तिथे दोन मोठ्या लाटा. पट्टी लावली तर खाली दीड सुताची फट. पुट्टीत निघेल इतकी, पण आहे.

मग त्यानं स्टीलचा गुरमाळा का नको ते दाखवलं. सरावाच्या चौकोनाशेजारी दोन हात जागेवर सिमेंटचा माल लावून एकीकडे लाकडानं, एकीकडे स्टीलनं मीच घासलं होतं, गेल्या शनिवारी. स्टीलकडची जागा काचेसारखी दिसत होती आणि मला ती फार आवडली होती. आज तिच्यावर पाणी मारून सुकू दिलं, तर केसासारख्या बारीक चिरांचं जाळं उमटलं. स्टीलनं घासत राहिलं की सिमेंटचा लगदा आणि पाणी वर येतं, आणि वरचा तो श्रीमंत थर सुकताना तडकतो. भिंतीवर कोरडं सिमेंट मारून घासणारे असतात, तिथेही हेच होतं. लाकूड वाळूचा कण वर ठेवतं. नवख्याचा हात कुठे थांबावं हे जाणत नाही, आणि लाकूड त्याला चुकू देत नाही. शिवाय उंचवटा आणि खड्डा लाकूड हाताला सांगतं, स्टील दोन्हीवरून सारखंच सरकत जातं.

१६ फेब्रुवारी, रविवार

पश्चिमेची भिंत, खिडकी असलेली. मामा कामावर गेला होता, मामी आणि मी दोघीच.

ठिय्ये मी बसवले, मामीनं दोरी धरली. खिडकीच्या बाजूला धार काढायची होती, तिथे मी अडले. पट्टी खिडकीच्या कडेला धरली, पण आवळून ठेवायला शिकंजा नसल्यानं ती हलत होती. मामीनं माझी थापी मागितली. पट्टी गुडघ्यानं आणि डाव्या हातानं दाबून धरली, उजव्या हातानं माल भरला, थापी एकदाच खालून वर नेली आणि पट्टी अंगाकडे न ओढता भिंतीला समांतर सरकवून काढली. ओढली तर कोपरा पट्टीबरोबर येतो, सरकवली तर राहतो. धार सुरीसारखी उभी राहिली. गुण्या लावला, फट नाही.

"कधी शिकलीस?" म्हटलं.

"बघूनच. माल द्यायला तितंच तर हुबी असती."

दुसऱ्या बाजूची धारही तिलाच काढायला लावली. माझ्या ७ इंची थापीचा दांडा तिच्या हाताला जाड पडतो असं ती म्हणाली. तिच्यासाठी ६ इंची बघायची, दांडा बारीक, मानेचा बाक जास्त. तिची पेरं सुजलेली असतात, काउंटरवर मूठ आवळून तिच्याच हातानं तपासायला हवं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. सकाळी मिरवणूक बघून दुपारी मामीबरोबर कराड. सहा इंचीत चार थाप्या होत्या, तिनं तिसरी घेतली. टिचकी तिनं कानाजवळ धरून मारली. संध्याकाळी दोघींनी शेजारी बसून दगडावर धारा घासल्या.

पश्चिमेची भिंत ठोकून बघितली, कुठेही बद नाही. बॅटरीत एक लाट, खिडकीच्या वर. दक्षिणेच्या भिंतीची वाचनं घेतली: डावीकडे वर ०, मध्ये १ सूत पुढे, खाली ०. मध्यभागी सगळीकडे २ सूत मागे. उजवीकडे दाराजवळ ओळंबा वाऱ्यानं हलत होता, लोळा पाण्याच्या तांब्यात बुडवून स्थिर केला आणि मग टिपलं: ३ सूत मागे. शनिवारी टाचे, रविवारी माल. या वेळी दोन थाप्या.